पाटे बसले

‘सदर अपघात हा चालकाच्या अक्षम्य निष्काळजीपणामुळे घडला असून, वाहन सर्वथा सुस्थितीत होते.’

नीरथडी इतिहास मंडळाचे कार्यवाह निळकंठराव रणवरे यांनी चौकशी अहवालातले हे अखेरचे वाक्य समितीपुढे वाचले, चष्मा काढून रुमालाने पुसला आणि एक अप्रिय कर्तव्य पार पडल्याच्या मुद्रेने कागद टेबलावर ठेवले. चौकशी त्यांनीच केली होती. अहवाल त्यांनीच लिहिला होता. वाचनही त्यांचेच झाले होते, आणि तो मंजूर करण्याचा ठरावही तेच मांडणार होते. इतकी स्वयंपूर्ण न्यायव्यवस्था मी त्याआधी फक्त ताम्रपटांत पाहिली होती. तिथेही दान देणारा, त्या दानाची थोरवी गाणारा आणि ते मोडणाऱ्याला शाप देणारा एकच असतो.

वाक्य निर्दोष होते. व्याकरणापुरते बोलते आहे. जुने कोरीव लेख वाचण्यात माझी हयात गेली. सत्ताधाऱ्यांनी स्वतःविषयी कोरवून घेतलेल्या वाक्यांचे सांधे कुठे असतात, हे बोटांना कळते. त्या सवयीने मी हेही वाक्य बसल्या जागी सुटे केले. ‘अक्षम्य’: क्षमा नाकारण्याआधी ती कुणीतरी मागावी लागते, आणि ती अजून कुणी मागितली नव्हती. ‘निष्काळजीपणा’: ज्याच्याविषयी हे लिहिले होते, त्याने दगडाला ओरखडा जाऊ नये म्हणून गाडीच्या हौद्यात घरची गोधडी अंथरली होती. ‘सर्वथा सुस्थितीत’: आमचा जुना पिकअप रिकामा उभा असला तरी मागून खाली झुकलेला आणि नाक वर केलेला असे, दारात शेपटावर बसलेल्या कुत्र्यासारखा. एकंदरीत त्या वाक्यातला ‘सदर’ एवढाच शब्द मला निर्विवाद वाटला.

ज्याच्याविषयी हे सारे चालले होते तो दाराशी उभा होता. बाबालाल मुलाणी, मंडळ एका भाड्याच्या खोलीत होते तेव्हापासूनचा आमचा चालक. डावा पाय प्लास्टरमध्ये, काखेत कुबडी. त्याला कुणी बस म्हटले नव्हते आणि न सांगता बसणाऱ्यांतला तो नव्हता. ठराव मंजूर झाला की त्याची नोकरी जाणार होती. तेवढे त्याने कदाचित सोसले असते. पण अहवालाची एक प्रत परवाना रद्द करण्याच्या शिफारशीसह परिवहन कार्यालयात जाणार होती, आणि गाडी चालवण्यापलीकडे आपल्याला काही येत नाही हे तो स्वतःच सांगत असे. “बाई, मला नीट चालताबी येत न्हाई,” तो मला एकदा म्हणाला होता, “पाय आपला क्लच हुडकत असतो.”

घडले होते ते असे. डोंगरावरच्या उंबरदरा गावच्या शिवारात मला एक वीरगळ सापडला होता. धन्याची गुरे वाचवताना पडलेल्या कुणा माणसाच्या स्मरणार्थ उभा केलेला, खाली दोन ओळींचा लेख असलेला पुरुषभर उंचीचा दगड. आमच्या नव्या दालनात तो मधोमध उभा राहायचा होता आणि दालनाचे उद्‌घाटन करायला दुसऱ्या दिवशी सकाळी मंत्री यायचे होते. त्यामुळे दगड संध्याकाळपर्यंत आलाच पाहिजे, असा रणवऱ्यांचा हुकूम होता. बाबालाल कित्येक महिने गाडीचे पाटे दाखवून आणूया म्हणून त्यांच्या मागे लागला होता. पाटे म्हणजे मागच्या चाकांवरची स्प्रिंग. पोलादी पट्ट्या एकावर एक रचून त्यांना धनुष्याची कमान दिलेली असते, आणि गाडीचा सगळा भार ती कमान पेलते. त्या सकाळी अखेर रणवऱ्यांनी गाडी शिवलिंग पांचाळांच्या कमान पाटा वर्क्समध्ये पाठवली. दुपारी पांचाळांनी शेजारच्या दुकानातून रणवऱ्यांना फोन केला. त्या काळी खिशात फोन नसत. बोलणे थोडक्यात होई आणि थोडक्यातच त्याचा घात होई. फोननंतर गाडी तशीच सोडण्यात आली. दगड लादून उतरताना दुसऱ्या वळणावर मुख्य पाटा तुटला, मागचा अ‍ॅक्सल एका बाजूला सरकला आणि गाडी दरीकडे ओढली जाऊ लागली. बाबालालला दार उघडून उडी मारता आली असती. त्याने चाक डोंगराच्या बाजूला फिरवले आणि गाडी कड्यावर घातली. त्याच्या पायाचे हाड मोडले. दगडाचे दोन तुकडे झाले. मंत्र्यांनी सकाळी रिकाम्या चौथऱ्यावर ठेवलेल्या छायाचित्राला हार घातला आणि इतिहास जपला पाहिजे असे सांगितले.

“कुणाला काही विचारायचंय?” अध्यक्ष डॉ. फडतरे म्हणाले. ते निवृत्त बालरोगतज्ज्ञ. सभेचे इतिवृत्त स्वतःच्या हाताने लिहीत, कारण डॉक्टर असूनही त्यांचे अक्षर वाचता येत असे.

“मला,” मी म्हटले.

“देवस्थळी बाई विचारणारच,” रणवरे हसून म्हणाले. “दगड त्यांचा.”

दोघे-तिघे हसले.

“दगड सातशे वर्षं आपल्या मंडळाशिवाय उभा होता, रणवरे. तो कुणाचाच नाही. मला गाडीबद्दल विचारायचंय. पांचाळांनी फोनवर तुम्हाला काय सांगितलं?”

“अहवालात आहे ते. पाटे बसले, असं सांगितलं.”

“आणि तुम्ही काय म्हणालात?”

“मी म्हटलं, बसले ना, मग गाडी सोड. दुरुस्तीला पाठवलेल्या गाडीचे पाटे बसले, काम झालं, गाडी सोड. यात माझं काय चुकलं ते सांगा.”

भिंतीलगतच्या बाकावरून पांचाळ पुढे सरकले. हाताला वंगणाचा वास येऊ नये म्हणून त्यांनी साबण लावला होता, आणि आता खोलीत साबणाचाच वास येत होता.

“साहेब, काम कुठं झालंवतं? बसले म्हंजे बसले. दबले. कमान गेली त्यांची.”

“मग दबले म्हणायचं.”

“दबले कोन म्हनतं?”

“थांबा, थांबा,” डॉ. फडतऱ्यांनी पेन उचलले. “मला नीट समजू दे. बसले म्हणजे बसवले नाहीत?”

“न्हाई डॉक्टरसाहेब. बसले व्हते म्हनून तर बसवायचे व्हते. बसलेला पाटा आधी उठवायचा. भट्टीत घालायचा, कमान द्यायची, पानी द्यायचं, मग बसवायचा. नीट बसवला की मग त्यो बसत न्हाई.”

“कधीच नाही?”

“बसतो की. पाच-सहा वर्सांनी.”

डॉ. फडतऱ्यांनी पेन खाली ठेवले. समितीत हशा पिकला आणि त्या हशाबरोबर सत्य खोलीतून हळूच बाहेर गेले. विनोदी साक्षीदार कितीही खरे बोलला तरी तो विनोदी राहतो, हे रणवऱ्यांना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक होते. ते पांचाळांकडे जवळजवळ प्रेमाने पाहत होते.

“बरं पांचाळ,” ते म्हणाले, “तू फोनवर ‘बसले’ म्हणालास, ‘बसलेत’ म्हणालास, की ‘बसवलेत’?”

“आता ते काय साहेब... बसले, बसलेत, एकच की.”

“आणि तिथं घणाचा आवाज चालू होता?”

“चालूच असतो.”

“आभारी आहे,” रणवरे म्हणाले.

अशी आमची सारी चौकशी एका अक्षरावर येऊन ठेपली. ‘व’ होता की नव्हता. एका माणसाचा संसार त्या ‘व’च्या पोटात बसला होता आणि समितीतले प्रतिष्ठित लोक घड्याळाकडे पाहत होते.

“अध्यक्षमहाराज,” रणवरे उभे राहिले. ते मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले होते आणि उभे राहिले की समोर वर्ग बसला आहे असे त्यांना वाटे. “मी जन्मभर मराठी शिकवलं. माझ्या मराठीत नट बसतो, दात बसतो, दार चौकटीत बसतं. बसणं म्हणजे आपल्या जागी चपखल लागणं. गॅरेजमधली बोली मला अवगत नाही, हा माझा अपराध असेल तर तो मला मान्य आहे.”

“घसा बसतो तेव्हा तो चपखल लागतो का?” मी विचारले.

पुन्हा हशा झाला, या वेळी माझ्या बाजूने. त्याचा मला काही उपयोग नव्हता.

“तो वाक्प्रचार झाला, बाई.”

“आणि भिंत बसते ती?”

“भिंत मातीची असते. पावसानं बसते. घसा माणसाचा असतो, थंडीनं बसतो. पण स्प्रिंग ‘बसते’? लोखंडाची वस्तू?” त्यांनी सर्वांकडे आळीपाळीने पाहिले. “हा शब्दप्रयोग मी जन्मात ऐकलेला नाही आणि केलेला तर नाहीच नाही. डॉक्टर, हवं तर तसं लिहून घ्या.”

“लिहितोच आहे,” डॉ. फडतरे म्हणाले, आणि खरोखरच त्यांनी ते शब्दशः लिहिले.

“आता मुद्दा साधा आहे,” रणवरे पुढे म्हणाले. “पाटे दबलेत हे मला कळलं असतं तर मी त्याच क्षणी गाडी थांबवली असती. दगड काय, आठवड्याने आला असता.”

“मग उद्‌घाटन?” डॉ. फडतऱ्यांनी न पाहताच विचारले.

“छायाचित्र लावून केलं असतं. शेवटी केलंच की.”

“हो, पण ते शेवटी.”

रणवऱ्यांनी ते ऐकले नाही असे दाखवले. “मला कळलं नाही. मात्र चालकाला डोळे होते. गाडी मागून खाली आहे, पाटे बदललेले नाहीत, हे त्यानं पाहिलं. पाहून गाडी काढली, वर एवढा दगड लादला. न कळता जो चुकतो त्याला अजाण म्हणतात. कळून जो चुकतो त्याला काय म्हणतात ते मी अहवालात लिहिलं आहे. विचारा त्यालाच.” ते दाराकडे वळले. “बाबालाल, गाडी ताब्यात घेतलीस तेव्हा पाटे तसेच आहेत हे दिसलं होतं ना तुला?”

“व्हय साहेब.”

“मग मला येऊन विचारलंस?”

“मी पांचाळमामांना इचारलं. म्हनलं, गाडी तर हाय तशीच दिसतीया. ते म्हनले, साहेबास्नी सांगितलंय, साहेब म्हनले सोड.”

“मला विचारलंस का, एवढंच सांग.”

बाबालालने कुबडी एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतली. “न्हाई साहेब. मला वाटलं, तुम्हास्नी ठावं हाय.”

“वाटलं.”

“व्हय.”

“अध्यक्षमहाराज, याहून स्पष्ट कबुली ती कोणती?” असे म्हणून रणवरे खाली बसले.

मी शांत होते. रागाने माणूस तापतो असे म्हणतात. माझ्या बाबतीत ते कधी खरे ठरले नाही. मला राग आला की माझे अक्षर सुधारते. समोरच्या कोऱ्या कागदावर मी ‘बसले’ हा शब्द लिहीत बसले होते, एकाखाली एक, आणि प्रत्येक ओळीत तो अधिक वळणदार होत होता.

युक्तिवाद भक्कम होता हे मान्य करणे भाग होते. मात्र तो सारा एका खिळ्यावर टांगला होता. रणवऱ्यांना शब्द कळला नसेल तर बाबालाल दोषी. कळला असेल तर ‘बसले ना, मग गाडी सोड’ या वाक्याचा अर्थ असा की, मला ठाऊक आहे, तरी जाऊ दे. आणि त्यांना शब्द कळला होता की नाही, हे त्यांच्या कवटीच्या आत लिहिलेले होते. तिथला ठसा घ्यायला कुणाकडे शाई नसते.

आमच्या विद्येत असा पेच नेहमी येतो. एखाद्या ओळीत एक अक्षर झिजलेले असते. त्याला एक पंडित ‘व’ म्हणतो, दुसरा ‘च’, आणि दोघे आयुष्यभर एकमेकांचे शिष्य बिघडवतात. माझे गुरू म्हणत, त्या अक्षराशी झटापट करू नका. ज्या हाताने ते कोरले तोच हात आणखी कुठे राबला आहे ते शोधा. बेसावधपणे, दुसऱ्याच कामासाठी, तेच अक्षर त्याने कुठेतरी पुन्हा कोरलेले असते. तिथे ते स्वच्छ असते.

रणवऱ्यांच्या ‘बसले’चा माझ्याकडे एकच नमुना होता, फोनवरचा, आणि तो झिजलेला होता. पण दगडापेक्षा जिवंत माणसाची एक सोय असते. तो अजून बोलत असतो.

“तर ठराव मताला टाकतो,” डॉ. फडतरे म्हणाले. त्यांच्या आवाजात, मुलाला सुई टोचण्याआधी आईशी बोलताना येत असावा तसा थकवा होता.

“त्याआधी एक विनंती आहे,” मी म्हटले. “बाबालालला बसू द्या.”

“आता कशाला, बाई?” रणवरे म्हणाले. “दोन मिनिटांचं काम आहे.”

“त्याचा पाय मोडला आहे. निदान शिक्षा तरी बसून ऐकू दे.”

“अहो, पण खुर्ची कुठाय?”

हे खरे होते. समितीचे सभासद, दोन निमंत्रित, बाकावर पांचाळ आणि त्यांच्या शेजारी कुणाकुणाच्या छत्र्या. खोलीत रिकामे असे एकच आसन होते. खिडकीखालचा तीन माणसांचा सोफा, एका लाकूडवखारवाल्याने मंडळाला भेट दिलेला. मंत्री येणार म्हणून रणवऱ्यांनी त्याच्यावर पांढरे शुभ्र आवरण चढवून घेतले होते आणि सभेच्या दिवशीही ते तसेच होते. त्यावर कुणी बसत नसे. नवख्या माणसाला वाटे, मान्यवरांसाठी राखून ठेवला असावा.

“माझी खुर्ची घे,” मी उठून बाबालालला म्हटले.

“नगं बाई. मी हाय की हितं उभा.”

“ये म्हटलं ना.”

तो कुबडी टेकत आला. कुबडीचे रबर झिजलेले होते. फरशीवर प्रत्येक पावलाला टक् असा आवाज झाला आणि समितीला तो ऐकावा लागला. खुर्चीच्या कडेवर, निम्म्याच जागेत, तो टेकला. चालकाच्या आसनावर तो कधी असा बसत नसे.

“ऐसपैस बस,” मी म्हटले.

“आता बाई कुठं बसणार?” कुणीतरी म्हणाले.

“माझी काळजी नको,” असे म्हणून मी आपले कागद गोळा केले, चष्म्याचे घर उचलले आणि खिडकीकडे चालू लागले.

रणवऱ्यांविषयी एक गोष्ट इथे नमूद केली पाहिजे आणि ती मी उपरोधाने करीत नाही. त्यांचे सौजन्य अस्सल होते. बाई माणूस दारात आली तर ते आधी उठत. माझ्याशी मतभेद झाल्यावरही चहा आला की पहिला कप माझ्याकडे सरकवत. घरंदाज वळणाचा माणूस होता. ते वळण त्यांच्या हाडात होते, अहवालात नव्हे. म्हणून मी सोफ्यापाशी पोहोचून पदर सावरला, बसण्यासाठी वळले, तेव्हा सगळ्यांत आधी अर्धवट उठला तो माणूस रणवरेच. हात पुढे करून, घाईघाईने, एका वाक्यात ते मला काहीतरी म्हणाले. ते वाक्य मुख्याध्यापकाचे नव्हते, कार्यवाहाचेही नव्हते. घरात, स्वयंपाकघराच्या दाराशी उभे राहून माणूस पाहुण्यांशी बोलतो त्या आवाजातले होते.

मी बसले नाही. तशीच उभी राहिले.

प्रथम पांचाळांनी वर पाहिले. ते तोवर एवढे हसवून बसले होते की, आता हसायची त्यांची पाळी होती, पण ते हसले नाहीत. त्यांनी फक्त मान हलवली, आपल्याच धंद्यातला माणूस अनपेक्षितपणे भेटल्यासारखी. बाबालाल खुर्चीत हळूहळू मागे सरकला आणि त्याने पाठ टेकवली. बाकीच्यांना दोन-तीन क्षण लागले. कुणाला आधी कळले आणि कुणाला नंतर, हे चेहऱ्यांवरून सहज वाचता येत होते.

“रणवरे,” डॉ. फडतरे म्हणाले, “पुन्हा म्हणा. सावकाश. मला लिहायचंय.”

रणवरे उभेच होते, हात अजून पुढे केलेला. तो त्यांनी मागे घेतला.

“ते मी बाईंना...” ते म्हणाले. “ते वेगळं. ते सोफ्याबद्दल होतं.”

“होय, सोफ्याबद्दलच. जे म्हणालात तेवढंच लिहितो. एक शब्द इकडचा तिकडे करणार नाही.”

“डॉक्टर, त्याचा इथं संबंध नाही.”

“नसेल,” डॉ. फडतरे म्हणाले, आणि लिहू लागले. त्यांच्या पेनचे टोक जाड होते. कागदावर ते खरखरत होते. ओळ पूर्ण झाल्यावर त्यांनी शाई वाळू दिली आणि विचारले, “निळकंठराव, आता एकच सांगा. ठराव मताला टाकू?”

रणवऱ्यांनी चष्मा काढला. पुसला नाही. अहवालाचे कागद आपल्याकडे ओढून घेतले, सारखे केले, दुमडले.

“नको,” ते म्हणाले.

मला वाटते, त्यांच्या आयुष्यातला तो सर्वांत नेमका शब्द होता.

पुढचे थोडक्यात सांगण्यासारखे आहे. अहवाल मंजूर झाला नाही आणि परिवहन कार्यालयाला त्याची कधी वार्ता लागली नाही. रणवऱ्यांनी त्यानंतर लवकरच प्रकृतीच्या कारणावरून कार्यवाहपद सोडले. निरोपसमारंभात त्यांच्या मराठीच्या सेवेचा गौरव झाला, आणि तो अस्थानी होता असे मी म्हणणार नाही. पांचाळांनी पिकअपचे पाटे उठवून, कमान देऊन, बसवले. बाबालाल सेवानिवृत्त होईपर्यंत ती गाडी तोच चालवीत होता. वीरगळ दालनात उभा आहे, आतून पोलादी सळई घालून जोडलेला. तडा नेमका लेखाच्या पहिल्या ओळीतून गेला. ज्याच्या चाकरीत तो माणूस मेला त्या धन्याचे नाव शाबूत आहे. मेलेल्याचे नाव तेवढे गेले. मी त्याचा ठसा आधी घेऊन ठेवला होता, म्हणून आता शेजारच्या पाटीवर ते नाव आहे, धन्याच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत. तेवढा पक्षपात मी केला.

एकदा उंबरदऱ्याच्याच वाटेने आम्ही चाललो होतो. त्या वळणावर गाडी सावकाश करून बाबालालने मला विचारले, “बाई, एक इचारू? त्या दिशी तुम्ही त्या सोफ्याकडं मुद्दाम गेलावता का?”

“पुढे बघ,” मी म्हटले.

तो पुढे बघून हसला आणि त्याने गिअर बदलला.

त्या सभेचे इतिवृत्त मंडळाच्या कपाटात आहे. कुणालाही मागून पाहता येते, आणि डॉ. फडतऱ्यांचे अक्षर अजून वाचता येते. ‘हा शब्दप्रयोग मी जन्मात ऐकलेला नाही आणि केलेला तर नाहीच नाही’ या विधानाखाली, मध्ये काहीही भाष्य न करता, त्यांनी त्याच दुपारचे रणवऱ्यांचे दुसरे वाक्य उतरवले आहे. हात तोच, अक्षर तेच, आणि या ठिकाणी ते जराही झिजलेले नाही:

“अहो बाई, तिथं नका बसू, त्या सोफ्याच्या स्प्रिंगा पार बसल्यात.”